चौथ्या खिडकीचा उंबरा

सोमवार, ३ सप्टेंबर १९७३

आज घरी आले ते असे. पिवळ्या दगडाचा घडीव उंबरा, एक, अकरा रँड. चुन्याची पोती चार, तीन रँड साठ सेंट. नदीची चाळलेली वाळू एक गाडी, दीड रँड. बैलगाडीचे भाडे दोन रँड. आणि त्याच गाडीत, दगडाच्या शेजारी, माझी ट्रंक, दोन घोंगड्या, स्तोत्रांचे पुस्तक आणि मी. माझ्यासाठी वडिलांना देज म्हणून वीस गाई, दहा मेंढ्या आणि एक घोडा मोजला गेला, तेव्हा आजच्या मालात सगळ्यांत महाग मीच. बस सोडली तिथपासून घरापर्यंत गाडीवान थट्टा करत होता. म्हणाला, वहिनी, दगडाला घट्ट धरून बसा, तो फुटला तर दुसरा मिळेल, तुम्ही पडलात तर वीस गाई पुन्हा कोण मोजणार?

लग्न होऊन तीन आठवडे झाले. मोत्लात्सी आठ दिवस माहेरी माझ्याजवळ राहिले आणि सरहद्दीपलीकडे वेलकोमच्या सोन्याच्या खाणीत परत गेले. आता नाताळला येतील. तोवर या घरात सासूबाई आणि मी.

घर पाहून जीव हरखला. आमच्याकडे माहेरी मातीच्या भिंती आणि गवताचे छप्पर. हे सगळे घडीव दगडाचे, वर पत्रा, आणि काचेच्या चार खिडक्या! मोत्लात्सींच्या आजोबांनी मिशनच्या शाळेत पाथरवटाचे काम शिकून स्वतःच्या हातांनी बांधले. भिंती अजून ताठ आहेत. झिजले आहेत ते खिडक्यांखालचे आडवे दगड, म्हणजे खिडक्यांचे उंबरे. पावसाचे पाणी त्यांच्यावर पडते आणि हिवाळ्यात तेच पाणी दगडात गोठते. बोट फिरवले तर जुन्या भाकरीसारखे पापुद्रे निघतात. पावसाळा लागायच्या आत तीन दुरुस्त करायचे आणि चौथा, माझ्या खोलीचा, नवाच बसवायचा आहे. मी येणार म्हणून एवढा खर्च काढला. प्रभूचे आभार मानले आणि गुडघ्यांवरून उठल्यावर हिशेब लिहायला बसले.

गुरुवार, ६ सप्टेंबर

आज माझी मेंढी कापली. ती कापेपर्यंत नव्या सुनेने सासरच्या भांड्यातले खायचे नसते, त्यामुळे तीन दिवस माहेरून आणलेल्या डब्यावर होते. आज पहिल्यांदा या घरचा पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि मटण खाल्ले. बारा-पंधरा बायका जमल्या. सासूबाईंनी माझ्या कमरेला घोंगडी गुंडाळली आणि माझे नवे नाव सांगितले. केनेवे हे नाव आता माहेरी राहिले. इथे मी मात्सेलिसो, सेलिसोची आई. होणाऱ्या मुलाचे नाव आधी ठरते आणि आईला ते घ्यावे लागते, ही आमची सगळ्यांचीच रीत. पण सेलिसो म्हणजे सांत्वन. घरातले कोणी गेल्यावर जे मूल जन्मते, त्याचे हे नाव. मी विचारले, इथे नुकतेच कोण गेले? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सासूबाई म्हणाल्या, अगं, नाव छान आहे म्हणून ठेवले, मॅट्रिक झालेल्या पोरींना प्रत्येक गोष्टीचे स्पष्टीकरण लागते! सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुपारी बायकांच्या प्रार्थनासभेला गेले. माझ्यासह तेरा जणी. माझा आवाज आवडला. इथे सगळ्या चांगल्या आहेत.

मंगळवार, ११ सप्टेंबर

कामाला सुरुवात झाली. गवंडी न्ताते ख्वाबाने साठीचे असावेत, कमी बोलणारे. न्ताते म्हणजे बाबा. थोर माणसाला आम्ही असेच बोलावतो, आणि यांना तर ते शोभतेही. त्यांच्याजवळ वडिलांच्या हातच्या छन्न्या आहेत. हातोडीने दगड वाजवतात आणि कान लावून ऐकतात. जिवंत दगड खणखणतो, मेलेला भोपळ्यासारखा बोलतो. म्हणाले, मागे कोणा शहाण्याने या उंबऱ्यांवर सिमेंट थापले, त्यानेच घात झाला. सिमेंट ओलीला बाहेर पडू देत नाही, मग वरून गुळगुळीत दिसणारा दगड आतून पीठ होतो. इथे चुनाच पाहिजे. चुना सावकाश धरतो, पण दगडाला श्वास घेऊ देतो.

मी त्यांना पापा आणि मोरोहोची पालेभाजी वाढली आणि वाढतावाढता एक काटकसरीची गोष्ट सुचवली. आमच्या गावच्या देवळाची पायरी झिजली तेव्हा वडिलांनी ती उलटी करून बसवली होती. खालची बाजू कोरी करकरीत निघाली, नवा दगड घ्यावाच लागला नाही. तेव्हा हे तीन उंबरे तासत बसण्यापेक्षा उलटे केले तर? मेहनत वाचेल, चुनाही कमी लागेल.

न्तातेंच्या हातातला घास हातातच राहिला. या घरातले दगड उलटत नाहीत, एवढेच म्हणाले. नंतर थाळी न संपवताच उठले.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

न्तातेंनी माझे बोलणे सासूबाईंच्या कानावर घातलेले दिसते. सकाळपासून त्या फुरंगटून होत्या. दुपारी म्हणाल्या, सूनबाई, तुझ्या वडिलांनी पायऱ्या उलटल्या, म्हणून तर अजून गवताखाली राहतात. मला फार लागले. तरी उलट बोलले नाही.

नळावर मासेईसो भेटली. तिचे घर आमच्या कुंपणापलीकडे. जिभेची तिखट आहे. म्हणाली, काय गं दगडवाल्यांची सून, बरी मापात आणली हो तुला! मला वाटले, गाईंवरून बोलते आहे. मी म्हटले, बाई, वीसच दिल्या, सगळ्यांना देतात तेवढ्याच. तिने माझी बादली स्वतःच उचलून डोक्यावर दिली आणि हळूच विचारले, आई आहे का गं तुला? मी म्हटले, आई नाही, वडील आहेत आणि एक मोठी बहीण, लिबुसेंग. तिनेच मला वाढवले. बहिणीला लिहीत जा, म्हणाली, आणि निघून गेली.

बुधवार, १९ सप्टेंबर

सासूबाई एका मयताला गेल्या होत्या. दोन उंबरे काढून अंगणात ठोकळ्यांवर आडवे ठेवले होते, तिसरा सुटत होता. न्ताते भिंतीआड पाइप ओढत बसले होते. मी खाली सांडलेला चुना गोळा करत होते. चांगला होता, चाळून वापरता आला असता. वाकले तेव्हा पहिल्या दगडाची खालची बाजू दिसली.

तिथे अक्षरे कोरलेली आहेत. मिशनच्या शाळेत शिकवतात तशी, मोठी, सरळ.

मात्सेलिसो. १८९९.

दुसऱ्या दगडाखाली पाहिले. मात्सेलिसो. १९२१.

अक्षरांच्या खाली दगडाच्या लांबीभर एक बारीक खाच आहे. पाणी तोडायला उंबऱ्याच्या पुढच्या कडेखाली खाच असते ती वेगळी, ही मधोमध आहे, भिंतीत जाते त्या बाजूला. तिच्यात दोऱ्याचे कुजलेले तंतू चिकटले होते. मी बोटाने एक उचलला. त्याला धरून कोणी तरी श्वास घेतल्यासारखे वाटले. वारा असेल.

न्तातेंनी मला पाहिले. रागावले नाहीत. पोतडे आणून दगडांवर टाकले, जसे मयतावर टाकतात.

शनिवार, २२ सप्टेंबर

तिसऱ्या उंबऱ्याखाली १९४८ आहे. नाव तेच.

शेवटी सासूबाईंना विचारले. त्या मुळीच चिडल्या नाहीत. जवळ बसवले, तपकीर ओढली आणि गोड आवाजात सांगितले की या घराच्या वडील सुनेला हेच नाव देतात, आणि तिचे नाव उंबऱ्याखाली कोरतात. मान आहे हा. घर तिच्यावर उभे राहते. मी विचारले, तुमचेही नाव आहे का? नाही, म्हणाल्या, मी दुसरी. माझ्या नवऱ्याची पहिली होती, तिचे आहे, १९४८ चे. ती छातीच्या दुखण्याने वर्षाच्या आत गेली. पोर नाही, बाळ नाही. मग मला आणले. मोत्लात्सी माझा.

आणि १९२१ ची? तीही लवकर गेली, बाई. त्या काळी औषधे कुठे होती?

मग मायेने माझे गाल दाबले. म्हणाल्या, तू मात्र धडधाकट आहेस हो, तू पुष्कळ टिकशील.

आम्ही एकत्र प्रार्थना केली. मन शांत झाले असे लिहायचे होते.

गुरुवार, २७ सप्टेंबर

जुने तीन उंबरे तासून परत जागी बसले होते, आज माझ्या खिडकीचा नवा उंबरा बसला.

सगळे तपशीलवार लिहिते. पुढे उपयोगी पडेल. चुना दहा दिवस भिजवून मुरवला होता, तो लोण्यासारखा झाला होता. जुन्या उंबऱ्याचे तुकडे काढले, जागा पाण्याने धुतली. दगड मापाचा, सव्वाचार फूट, बाहेरच्या अंगाला पाणी उतरायला बेताचा ढाळ. दोन शेजारी बोलावून तो उचलला. खाली टेकवण्याआधी न्तातेंनी खिशातून पाकीट काढले आणि त्यातून लाल लोकरीचा दोरा. मला वाटले, पातळी बघायची दोरी. तो त्यांनी चुन्यात सरळ, लांब घातला. डोळे वर करून कोणाकडे पाहिले नाही.

मग सासूबाई म्हणाल्या, सूनबाई, जरा इकडे उभी राहा. नव्या सुनेने उंबरा बसताना समोर उभे राहायचे असते. कुठे? इथे, उन्हाला पाठ करून. मी उभी राहिले. माझी सावली चुन्यावर पडली, दोऱ्याच्या बरोबर वर. हलू नकोस, म्हणाल्या. मग दगड खाली टेकवला.

थोडी भोवळ आली. उपाशी होते म्हणून असेल.

न्तातेंनी बजावले की चुना चाळीस दिवसांत धरेल. तोवर ओले पोतडे घालून ठेवायचे, रोज सकाळी आणि दुपारी पाणी शिंपायचे. सुकू दिले तर तडकेल. हे काम माझ्याकडे. मी म्हटले, काळजी नको, एकही वेळ चुकणार नाही.

सोमवार, १ ऑक्टोबर

पोतडी वेळेवर भिजवते आहे. हिशेबाच्या वहीत रोज दोन खुणा करते.

एक विचित्र गोष्ट. भर दुपारी पुढच्या खोलीत झाडत होते. खिडकीतून ऊन आत आले होते आणि त्यात जमिनीवर बाईची सावली होती. डोक्याला रुमाल, कमरेला घोंगडी. खिडकीत पाहिले तर कोणी नाही. बाहेर जाऊन पाहिले, कोणी नाही. परत आत आले. सावली तशीच, हात पोटावर.

दुसऱ्या खोलीत गेले. तिथेही.

स्वयंपाकघरात तिसरी. ती जरा बुटकी.

सासूबाई त्याच खोलीत मका निवडत होत्या. सावलीवर पाय ठेवून बसल्या होत्या.

माझ्या खोलीत काही नाही. नुसते ऊन.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

प्रार्थनासभेत चहाचे कप मांडायचे होते. म्होरकीने मोजले, बारा. मी म्हटले, तेरा. ऐकूच आले नाही. पुन्हा मोजले आणि बाराच कप मांडले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, हिरव्या कपड्यात. शेवटी मासेईसोने आपला कप माझ्या हातात दिला.  म्हणाली, मला दिसतेस अजून, पण थोडी थोडी, बाई, जशी धुराआड.

तिने सगळे सांगितले. १९४८ ची मात्सेलिसो तिची मामी. वर्ष कसले, जेमतेम दोन महिने टिकली. प्रेत कोणी पाहिले नाही. घर उभे राहायचे तर दगडाखाली कोणीतरी उभी पाहिजे, असे म्हाताऱ्याने घर बांधतानाच ठरवले होते. उंबरा झिजला की नवी आणायची. पहिली आणायची घालायला, दुसरी आणायची नांदायला.

मी म्हटले, मग माझ्या लग्नाच्या आधी का नाही बोललीस?

ती म्हणाली, माझी पोरगी त्यांच्या शेतावर कामाला आहे.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

मोत्लात्सींना पत्र टाकले. चार पाने. त्यांना हे माहीत नसणार. ते खाणीत, आईने परस्पर केले असेल. ईस्टरला देवळात माझा आवाज ऐकून त्यांनी मला पसंत केले. त्यांनी स्वतः सांगितले होते, गाताना तुझे डोळे मिटलेले होते, तेव्हाच ठरवले. असा माणूस हे करणार नाही.

आज पोतडी भिजवली नाहीत. दुपारी पाहिले तर ओली होती. सासूबाईंच्या घोंगडीच्या काठाला चुना लागला होता.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

दोरीवर कपडे वाळत घातले. चादरीची सावली पडली. काठ्यांची पडली. कोंबडीची पडली.

माझी नाही.

खोलीत धावत आले. जमिनीवर, उन्हाच्या चौकोनात, रुमाल बांधलेली, हात पोटावर. मी हात वर केला. तिने केला नाही.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

न्ताते दगडांमधल्या दरजा चुन्याने भरायला आले होते. त्यांच्या पायांपाशी बसले आणि विचारले. त्यांना मी वाढले आहे, त्यांचा फाटका कोट शिवून दिला आहे. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, १९४८ चा माझ्या बापाने बसवला. मी दगड बसवतो, पोरी. बाकीचे घरवाले जाणोत.

मी म्हटले, फोडते मी तो.

तर घाबरले. फोडू नकोस, म्हणाले, दगड फुटला तर खाली जे आहे तेही फुटेल. वेळ आहे अजून. चुना चाळीस दिवस धरत नाही. ज्याने माप दिले त्याने स्वतःच्या हाताने दोरा ओढून काढायचा, माझा म्हणायचा, घेऊन जायचा. मग सुटशील. दुसऱ्या कोणाच्या हाताला तो लागणार नाही.

सहा नोव्हेंबरपर्यंत. वहीत गोल केला.

माप मोत्लात्सींनीच दिले असणार. म्हणजे तेच येऊन काढतील. त्यांना येऊ दे. प्रभो, त्यांना येऊ दे.

सोमवार, १५ ऑक्टोबर

पत्र आले. खाणीवरून सुटीवर आलेल्या माणसाच्या हाती, सासूबाईंच्या नावाने. स्वयंपाकघरात उघडे पडले होते, मी वाचले.

सगळे ठीक आहे. पगार वाढला. दगड नीट धरतो आहे ना, भेगा पडल्या नाहीत ना. तिचे पत्र आले होते, वाचले नाही, परत पाठवत नाही, वाचून वाईट वाटून घ्यायचे कशाला. नाताळला येतो तेव्हा लेरातोला घेऊन येतो, तिला पाचवा महिना आहे, तिच्यासाठी मोठी खोली रंगवून ठेव.

ईस्टर. डोळे मिटलेले.

हिशेब लिहायचा नाही आज.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

छन्नी घेतली. उंबऱ्याच्या कोपऱ्यावर एकच घाव घातला, हलका. डाव्या बरगडीत अशी कळ आली की जमिनीवर पडले. दगडावर ओरखडा. माझ्या अंगावरही, त्याच जागी. रक्त नाही आले. पिवळी वाळू आली.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, हे गं काय, सूनबाई, नव्या कामाला डाग लावलास. आणि आवाज न करता झाडू पुढे केला.

बुधवार, १७ ऑक्टोबर

न्ताते अवजारे न्यायला आले. त्यांना म्हटले, मोत्लात्सी येणार नाहीत. दोरा त्यांचाच का? त्यांनी मान हलवली. नाही. मग कोणाचा?

बराच वेळ पिशवीत शोधत राहिले. मग कागद दिला. दगड घडवायच्या मापासाठी आला होता, लाल दोऱ्याबरोबर. जाळून टाक म्हणून सांगितले होते, म्हणाले, पण मी ठेवला, का ते मला माहीत नाही.

शिवणाच्या पातळ कागदाचा तुकडा. निळी पेन्सिल.

खांद्यापासून घोट्यापर्यंत, चार फूट तीन इंच. तब्येत चांगली. स्वभाव ऐकून घेण्याचा. जानेवारी.

अक्षर लिबुसेंगताईचे. चारचा पाय वाकडा, ती तसाच काढते.

जानेवारीत तिने मला अंगणात उभे केले होते. म्हणाली, ईस्टरला तुला नवा कपडा शिवते, हात खाली सोड, हसू नकोस, माप चुकते. लाल लोकरीने मोजले. फेब्रुवारीत तिच्याकडे शिवणयंत्र आले, पायाचे, सोनेरी नक्षीचे. साठवून घेतले म्हणाली. आम्ही तिच्याभोवती नाचलो. मीच जास्त.

कपडा मात्र तिने खरंच शिवला. अंगावर आहे.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

सकाळी निघाले. ट्रंक नेली नाही. माफेतेंगची बस रस्त्यावर पाहिली, हात केला. ड्रायव्हरने माझ्याकडे— माझ्यातून पाहिले. थांबला नाही. दुसरीही नाही. एक माणूस चालत आला आणि मी होते तिथूनच गेला. त्याला थंडी वाजली, त्याने घोंगडी ओढून घेतली, एवढेच.

जितकी लांब जाते तितकी हलकी होते. टेकडीपलीकडे गेले असते तर बहुतेक—

परत आले. फाटकाच्या आत पाय टेकतात.

शनिवार, २० ऑक्टोबर

मासेईसोला हाक मारली. तिने आजूबाजूला पाहिले, रडली, दार लावून घेतले.

स्तोत्र म्हणून पाहिले. आवाज खोलीतून आला, उंबऱ्याखालून. चार आवाज. सूर जुळत होता.

सोमवार, २२ ऑक्टोबर

पेन्सिल धरता येते. कागदही. बाकी वस्तू हातात राहत नाहीत. तिकीट लावलेले पाकीट आहे. उद्या बाहेर जाणाऱ्या टपालाची पिशवी दुकानापाशी येते, तिच्यात सरकवीन. दुकान फाटकापासून पन्नास पावले, तेवढी जमतात. आधी मसुदा इथे.

ताई,

रागावून लिहीत नाही. यंत्राबद्दल काही बोलणार नाही. ते तुझेच राहू दे. वडिलांनाही सांगणार नाही. तुला काय सांगितले होते ते मला माहीत नाही. कदाचित म्हणाले असतील की लग्नाचा कपडा शिवायचाय, माप हवे. तू भोळी आहेस. मला वाढवलंस तू. आजारी होते तेव्हा रात्रीच्या रात्री मांडीवर घेऊन बसलीस. मापाखाली तू जे लिहिलंस, स्वभाव ऐकून घेण्याचा, ते वाचून मी खूप वेळ बसून होते. तू बरोबर लिहिलंस. ऐकलंच मी.

लाल दोरा चौथ्या खिडकीच्या उंबऱ्याखाली आहे. तो फक्त तुझ्या हाताला लागेल. सहा नोव्हेंबरच्या आत ये. आपल्या लेरिबेहून माफेतेंगला, तिथून इकडची बस. सासूबाईंशी बोलू नकोस, चहा घेऊ नकोस. सरळ अंगणात ये आणि उजव्या कोपऱ्यात बोट घाल, चुना अजून मऊ आहे, मी रोज दाबून बघते. दोरा ओढ आणि मोठ्याने म्हण, हा माझा. बस. एवढंच काम आहे, ताई. एका कपड्याची उसवण काढण्याइतकं.

मी फाटकाशी उभी असेन. दिसले नाही तर हाक मार. खोलीतून आवाज आला तरी तिकडे जाऊ नकोस, ती मी नव्हे, मी फाटकाशी—

पैसे नसतील तर उसने घे, इथे माझ्या ट्रंकेतल्या पिशवीत नऊ रँड आहेत, आलीस की घे. यायचं नसेल तर तसं लिही. माहीत होतं असं लिहिलंस तरी चालेल, मी वाचीन, पण लिही. गप्प राहू नकोस. गुरुवारी टपाल येतं, पुढच्या गुरुवारी शेवटचं. उलट टपाली एवढंच कळव की तू निघालीस, की तू